एक चौक ओलांडायला ३७ वर्षे : अँथनी डेव्हिस आणि माल्कम एक्स यांचा ऑपेरा

न्यूयॉर्क शहरात लिंकन सेंटर नावाचा नाट्यगृहे आणि संगीतगृहे यांचा मोठा परिसर आहे. मध्ये कारंजे असलेला चौक आणि त्याला लागून भव्य इमारती. त्यांतली एक इमारत मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेची. तिला सगळे थोडक्यात 'मेट' म्हणतात. अमेरिकेतील ऑपेराचे हे सर्वांत मानाचे घर. तिच्या शेजारच्याच इमारतीत १९८६ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरा ही दुसरी संस्था प्रयोग करत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात तिने एक नवा ऑपेरा रंगमंचावर आणला. त्याचे नाव होते 'एक्स : द लाइफ अँड टाइम्स ऑफ माल्कम एक्स'. त्याचे संगीतकार होते ३५ वर्षांचे अँथनी डेव्हिस.

हाच ऑपेरा शेजारच्या मेटमध्ये पोहोचला तो ३ नोव्हेंबर २०२३ रोजी. एक चौक ओलांडायला ३७ वर्षे लागली. तोपर्यंत संगीतकार ७२ वर्षांचे झाले होते.

अँथनी डेव्हिस हे नाव मराठी वाचकांना फारसे परिचित नाही. माल्कम एक्स, मार्टिन ल्यूथर किंग आणि ब्लॅक पँथर ही नावे मात्र आपल्या चळवळीत घराघरांत पोहोचलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीय आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे कसा नेत आहेत, याची चौकशी त्यांनी त्या पत्रात केली होती. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, तेव्हा तिने नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. म्हणून त्या चळवळीतून आलेले संगीत, ते रचणारा माणूस आणि त्याला करावी लागलेली प्रतीक्षा समजून घेणे आपल्याला उपयोगाचे आहे.

ऑपेरा म्हणजे काय?

संगीत नाटक आपल्याला माहीत आहे. त्यात संवाद बोलले जातात आणि मध्ये मध्ये पदे येतात. ऑपेरात बहुतेक सगळे गायिले जाते. भांडण, प्रार्थना, पोलिसांची चौकशी, मरण, सारे सुरांत येते. साथीला काही डझन वादकांचा वाद्यवृंद असतो. कोणी कोणता स्वर किती वेळ धरायचा हे संगीतकाराने स्वरलिपीत लिहून दिलेले असते. शब्द लिहिणारा संहिताकार बहुधा वेगळा असतो.

युरोपात ही कला राजदरबारांत आणि श्रीमंतांच्या आश्रयाने वाढली. अमेरिकेतही तिला पैसेवाल्यांनीच पोसले. मेटची स्थापना १८८३ ची. तेथील रंगमंचावर प्रमुख भूमिका गाणारी पहिली कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन यांना तेथे उभे राहायला १९५५ साल उजाडले. कृष्णवर्णीय संगीतकाराने रचलेला ऑपेरा तेथे प्रथम झाला तो २०२१ मध्ये. टेरेन्स ब्लँचर्ड यांच्या त्या ऑपेराने साथीच्या काळात बंद पडलेले मेट पुन्हा उघडले. म्हणजे स्थापनेनंतर १३८ वर्षे गेली.

या काळात कृष्णवर्णीयांनी ऑपेरा लिहिलेच नाहीत काय? लिहिले. रॅगटाइम संगीताचे राजे मानले गेलेले स्कॉट जॉप्लिन यांनी १९११ साली 'ट्रीमोनिशा' हा ऑपेरा पदरमोड करून छापला. शिक्षणाच्या बळावर आपल्या माणसांना अंधश्रद्धेतून बाहेर काढणारी तरुणी ही त्याची नायिका. जॉप्लिन १९१७ मध्ये वारले. त्याचा पूर्ण प्रयोग झाला तो १९७२ मध्ये. विल्यम ग्रँट स्टिल यांचा हैतीच्या क्रांतीवरील ऑपेरा १९४९ मध्ये न्यूयॉर्क सिटी ऑपेराने केला, पण मेटच्या दारापर्यंत तो गेला नाही. रचना होत्या, रचनाकार होते. दार बंद होते.

घडण

अँथनी डेव्हिस यांचा जन्म २० फेब्रुवारी १९५१ रोजी न्यू जर्सी राज्यातील पॅटरसन येथे झाला. वडील चार्ल्स डेव्हिस इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. पुढे त्यांनी येल विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन अध्ययन विभागाचे नेतृत्व केले. घरात पुस्तके होती, पियानो होता आणि आपण कोण आहोत याची चर्चा होती. अँथनी यांच्या १४ व्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, २१ फेब्रुवारी १९६५ ला, न्यूयॉर्कच्या ऑड्युबॉन सभागृहात माल्कम एक्स यांची गोळ्या घालून हत्या झाली.

डेव्हिस यांनी येलमधूनच संगीताची पदवी घेतली, १९७५ मध्ये. युरोपीय अभिजात संगीत ते शिकले. त्याच वेळी जॅझच्या थोर परंपरेतून, थेलोनियस मंक आणि ड्यूक एलिंग्टन यांच्या संगीतातून, त्यांनी आपला पियानो घडवला. ट्रम्पेटवादक वाडाडा लिओ स्मिथ यांच्या गटात त्यांनी साथ केली. इंडोनेशियातील बाली बेटावरचे गॅमेलान संगीत त्यांना फार आवडले. धातूच्या पट्ट्या आणि घंटांचे हे समूहवादन असते. प्रत्येक वादक एक छोटा ठेका धरतो आणि सगळे ठेके एकमेकांत गुंततात. ही रीत त्यांच्या रचनांत कायमची आली. १९८१ मध्ये त्यांनी 'एपिस्टीम' हा आपला वादकांचा गट बांधला.

या गटातील वादक लिहिलेली स्वरलिपी वाचू शकत आणि जागेवर नवे सुचवूनही वाजवू शकत. आपल्याकडील गवई बंदिश सांभाळून उपज करतो, तसेच काहीसे. अमेरिकेत मात्र या दोन कलांचे रस्ते वेगळे पाडले गेले होते. लिहिलेले संगीत म्हणजे 'अभिजात', त्याला मोठी सभागृहे आणि देणग्या. सुचेल तसे वाजवलेले म्हणजे 'जॅझ', त्याला क्लब. कृष्णवर्णीय संगीतकाराने काहीही लिहिले तरी त्यावर जॅझचा शिक्का मारायचा आणि दुसरीकडे पाठवायचे, अशी रीत होती. १९६५ साली पुलित्झर पुरस्काराच्या संगीत परीक्षकांनी ड्यूक एलिंग्टन यांचा खास गौरव करावा अशी शिफारस केली. पुरस्कार मंडळाने ती फेटाळली. तो गौरव आला १९९९ मध्ये, एलिंग्टन जाऊन २५ वर्षे झाल्यावर. आपल्याकडे लोककला आणि अभिजात कला ही विभागणी कोणी केली आणि त्यातून कोणाचा मान ठरला, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

नाव टाकणे, नाव घेणे

माल्कम एक्स यांच्यावर रचना करावी, ही कल्पना अँथनी यांचे भाऊ ख्रिस्तोफर डेव्हिस यांची. कथेची मांडणी त्यांनी केली. संहिता लिहिली त्यांची चुलतबहीण, कवयित्री आणि पत्रकार थुलानी डेव्हिस यांनी. एका घरातील तिघांनी मिळून हा ऑपेरा उभा केला.

त्याचे तीन अंक आहेत. सुरुवात १९३१ साली मिशिगन राज्यातील लान्सिंग गावात होते. माल्कम यांचे वडील अर्ल लिटल बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि मार्कस गार्वी यांचे अनुयायी. ट्रामखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. अधिकाऱ्यांनी अपघात म्हटले. कुटुंबाचा आणि शेजाऱ्यांचा संशय गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांवर होता. आईचे मानसिक संतुलन ढळले आणि मुले विखुरली. तरुण माल्कम सावत्र बहिणीकडे बॉस्टनला गेला, गुन्हेगारीत अडकला आणि पकडला गेला. पहिला अंक चौकशीच्या खोलीत संपतो. तेथे माल्कम एकटा उभा राहून गातो आणि आपल्या आयुष्यात जे घडले त्याचा जाब विचारतो.

तुरुंगात त्याला एलिजा मुहम्मद यांच्या 'नेशन ऑफ इस्लाम' या संघटनेची ओळख होते. तो वाचू लागतो, धर्म बदलतो आणि 'लिटल' हे आडनाव टाकून देतो. हे आडनाव गुलामांच्या मालकाने दिलेले होते, पूर्वजांचे खरे नाव तर गुलामीने पुसून टाकले होते. त्या हरवलेल्या नावाच्या जागी गणितातल्या अज्ञात संख्येसारखे 'एक्स' येते. १९६४ मध्ये माल्कम त्या संघटनेतून बाहेर पडले आणि मक्केला गेले. तेथे सर्व वर्णांची माणसे एका रांगेत प्रार्थना करताना त्यांनी पाहिली आणि त्यांचे विचार बदलू लागले. त्यानंतर वर्षही झाले नव्हते तोच त्यांची हत्या झाली. तेव्हा त्यांचे वय होते ३९. ऑपेराही ऑड्युबॉनच्या सभागृहातच संपतो.

धर्मांतर आणि नामांतर हे दोन्ही शब्द आपल्यासाठी केवळ शब्द नाहीत. लादलेली ओळख झुगारून माणूस स्वतःचे नाव स्वतः ठरवतो, तेव्हा त्यामागे किती पिढ्यांचे दुःख असते हे या ऑपेराच्या मधल्या अंकात ऐकू येते.

संगीताच्या दृष्टीने डेव्हिस यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली अशी, की वाद्यवृंदाच्या मधोमध त्यांनी 'एपिस्टीम'चे वादक बसवले. बाकीचे लिहिलेले वाजवत असताना हे वादक ठरलेल्या जागी सुचेल तसे वाजवतात. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी काळ सुरांतून दाखवला. माल्कम तरुण असताना बॉस्टनच्या नाचघरांतील स्विंग ऐकू येते. १९६० च्या दशकापर्यंत कथा पोहोचते, तेव्हा जॉन कोल्ट्रेन यांच्या काळातील धीरगंभीर वळण येते. शिवाय बॉस्टनच्या रस्त्यावर माल्कमला वाममार्ग दाखवणारा 'स्ट्रीट' आणि पुढे त्याचे गुरू झालेले एलिजा मुहम्मद ही दोन्ही पात्रे एकच गायक गातो. आपल्याला वाट दाखवणाऱ्या माणसाकडे डोळे उघडे ठेवून पाहा, असा इशारा त्यात आहे. डेव्हिस यांनी माल्कम यांची नुसती आरती ओवाळलेली नाही.

गप्प राहण्याचा अधिकार

१९८६ नंतर डेव्हिस थांबले नाहीत. ब्रॉडवेवर १९९३ साली गाजलेल्या 'एंजल्स इन अमेरिका' या नाटकाला त्यांनी संगीत दिले. १९९७ मध्ये शिकागोच्या लिरिक ऑपेराने त्यांचा 'आमिस्टाड' सादर केला. १८३९ साली गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आफ्रिकन माणसांनी जहाजावर बंड केले आणि पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात आपले स्वातंत्र्य मिळवले, त्याची ही गोष्ट. २००७ मधील 'वाकोंडाज् ड्रीम' अमेरिकेच्या मूलनिवासी पोंका लोकांविषयी आहे. याबरोबरच ते सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वर्षानुवर्षे शिकवत राहिले.

त्यांच्या क्लॅरिनेट कॉन्चेर्टोचे नाव 'यू हॅव द राइट टू रिमेन सायलेंट' असे आहे. अटक करताना पोलिसांनी आरोपीला त्याचे हक्क सांगावेत, असा दंडक १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घातला. त्यातला पहिलाच हक्क गप्प राहण्याचा. १९७० च्या दशकात डेव्हिस पत्नीसह गाडीने एका मैफलीला निघाले असताना पोलिसांनी त्यांना भलताच माणूस समजून अडवले होते. या रचनेचे मूळ तो प्रसंग आहे. तीत क्लॅरिनेट हा आरोपी आणि वाद्यवृंद ही चौकशी करणारी व्यवस्था. वादक मध्येच हक्कांचे ते कायदेशीर शब्द तोंडाने उच्चारतात. एकट्या वाद्याला घेरणारे आवाज ऐकताना चौकशीची खोली कशी असते ते कळते.

तीच खोली त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामात पुन्हा येते. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावायला गेलेल्या एका गोऱ्या तरुणीवर अमानुष अत्याचार झाला. पोलिसांनी १४ ते १६ वर्षे वयाच्या पाच मुलांना पकडले. त्यांतील चार कृष्णवर्णीय होते, एक लॅटिनो. तासन्‌तास चौकशी करून त्यांच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आले. कबुलीजबाब एकमेकांशी जुळत नव्हते. डीएनए त्यांच्यापैकी कोणाशीच जुळला नाही. तरीही १९९० मध्ये पाचही जण दोषी ठरले. खटला उभा राहण्यापूर्वीच बांधकाम व्यावसायिक डोनाल्ड ट्रम्प यांनी चार वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली होती. २००२ मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, त्याचा डीएनए जुळला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. तोपर्यंत त्यांची उमेदीची वर्षे तुरुंगात गेली होती. सर्वांत मोठ्या मुलाची जवळजवळ १३ वर्षे. शहराने २०१४ मध्ये ४ कोटी १० लाख डॉलरची भरपाई मान्य केली.

'द सेंट्रल पार्क फाइव्ह' हा डेव्हिस यांचा ऑपेरा जून २०१९ मध्ये लाँग बीच ऑपेरा या कॅलिफोर्नियातील छोट्या संस्थेने केला. संहिता रिचर्ड वेस्ली यांची. ट्रम्प हे त्यात एक गाणारे पात्र आहे, आणि प्रयोग झाला तेव्हा खरे ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होते. मोठ्या संस्थांनी असा विषय सहजासहजी हाती घेतला नसता. छोट्या संस्थेने घेतला आणि मे २०२० मध्ये त्याला संगीतासाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी मिनिआपोलिस शहरात पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉईड यांचा जीव गेला.

दार कोणी उघडले?

फ्लॉईड यांच्या हत्येनंतर लाखो लोक रस्त्यावर आले. विद्यापीठे, वृत्तपत्रे, नाट्यगृहे यांना आपल्या याद्या तपासाव्या लागल्या. आपल्या रंगमंचावर आजवर कोण आले आणि कोण आले नाही, हा प्रश्न ऑपेरा संस्थांनाही टाळता आला नाही. २०२२ मध्ये डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट ओ'हारा यांच्या दिग्दर्शनाखाली 'एक्स' नव्याने उभा राहिला. त्यासाठी डेव्हिस यांनी आपली जुनी स्वरलिपी पुन्हा तपासून सुधारली. हाच प्रयोग पुढच्या वर्षी मेटमध्ये आला. माल्कम यांची भूमिका बॅरिटोन गायक विल लिव्हरमन यांनी केली.

दार संस्थांच्या सद्‌भावनेने उघडले, असे आम्हाला वाटत नाही. रस्त्यावरच्या माणसांनी ते ढकलले. पण इतकेच म्हणून थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखे होईल. दार उघडले तेव्हा आत नेण्यासाठी काहीतरी तयार असावे लागते. 'एक्स' तयार होता. त्याची स्वरलिपी शेवटच्या स्वरापर्यंत लिहिलेली होती. १९९२ मध्ये त्याचे ध्वनिमुद्रण निघाले होते, त्यामुळे ज्यांनी प्रयोग पाहिला नाही त्यांनाही तो ऐकता येत होता. विद्यापीठांत तो अभ्यासला जात होता. ३७ वर्षे कोणी मोठ्या संस्थेने विचारले नाही, तरी काम नाहीसे झाले नाही.

येथे आम्हाला आपले जलसे आठवतात. भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार गावोगावी गाऊन पोहोचवला. वामनदादा कर्डक यांची गाणी आजही ओठांवर आहेत. पण जलशांतील किती चाली, किती फार्स, किती सवाल-जवाब नीट लिहून ठेवले गेले? किती गायिका-गायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले? बरेच काही ऐकलेल्या पिढीबरोबर गेले. आपल्याकडे फोन आहेत, ध्वनिमुद्रणाची साधने खिशात आहेत. वस्तीतील, गावातील जुन्या गायकांकडे बसून त्यांची गाणी चालींसह जतन करणे, कवीचे आणि चाल लावणाऱ्याचे नाव त्यासोबत लिहिणे, हे काम कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता करता येते.

एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. माल्कम यांच्या हत्येबद्दल ज्या तिघांना शिक्षा झाली होती, त्यांतील दोघांची शिक्षा न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केली. त्यांच्याविरुद्धचा खटला सदोष होता, हे ५५ वर्षांनी मान्य झाले. त्यांतला एक माणूस तोपर्यंत मरण पावला होता. सेंट्रल पार्कच्या पाचांपैकी युसूफ सलाम मात्र नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नगर परिषदेवर निवडून आले. 'एक्स' मेटमध्ये सुरू होता, तो हाच महिना.

डेव्हिस यांच्या ऑपेरांतील माणसे अशी अजून जिवंत इतिहासात आहेत. त्यांची नावे पुसली गेली, त्यांना चौकशीच्या खोलीत बसवले गेले, त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. एका संगीतकाराने त्यांना सर्वांत मोठ्या रंगमंचासाठी स्वर दिले, आणि रंगमंच मिळत नव्हता तेव्हाही ते स्वर सांभाळून ठेवले. 'एक्स'चे नवे ध्वनिमुद्रणही २०२२ मध्ये निघाले आहे. ऑपेरा ऐकण्याची सवय नसली तरी हरकत नाही. पहिल्या अंकाच्या शेवटचे, चौकशीच्या खोलीतले माल्कम यांचे गाणे तेवढे ऐकावे. भाषा परकी असली तरी दुखणे ओळखीचे वाटेल.